सवतीचं मशीन

चंद्रव्वाला जन्मात एकाच बाईचा हेवा वाटला, आणि ती बाई चंद्रव्वा लग्न होऊन घरात यायच्या दोन वर्षं आधीच मेली होती. जिवंत सवत असती तर भांडता आलं असतं, अबोला धरता आला असता, निदान एखाद्या दिवशी तिची भाकरी करपलेली बघून मनातल्या मनात हसता आलं असतं. मेलेल्या बाईची भाकरी कधीच करपत नाही.

गंगम्मा तिचं नाव. ईश्वरप्पांची पहिली बायको. वयाच्या बाविसाव्या वर्षी गेली, आणि आता तिला जाऊनही साठ वर्षं झाली, तरी सोलापुरात तिला ओळखणारे लोक चंद्रव्वाला ओळखणाऱ्यांपेक्षा जास्त. कारण तिची समाधी. लिंगायतांच्या रुद्रभूमीत सगळीकडे पिंडी आणि नंदी, आणि मधेच एका काळ्या दगडावर उठावात कोरलेलं शिवणाचं मशीन. चाक, चाकावरचा पट्टा, खाली पायडल, वर दोऱ्याचं रीळ, सगळं दगडात. सुईच्या जागी पाथरवटानं लोखंडाची सळी बसवली होती, ती गंजून पडली, तिचं भोक राहिलं. दसऱ्याला शहरातले शिंपी तिथं फुलं वाहतात, रीळ ठेवतात. पोरीला शिवण शिकायला घालायच्या आधी आया तिला तिथं पाया पडायला नेतात.

आणि अलीकडे तर जोडपी यायला लागली होती. बायकोवर एवढं प्रेम करणारा नवरा सोलापुरात होऊन गेला म्हणे. दगडाशेजारी उभं राहून फोटो काढायचे. चंद्रव्वाच्या नातीनं, श्रीदेवीनं, असला एक फोटो तिला मोबाइलवर दाखवला होता. चंद्रव्वानं चष्मा पुसून तो बघितला आणि म्हणाली, "पोरगी बरी हाय. पोलकं खांद्यात ढगळ शिवलंय."

त्या श्रावणातल्या एका मंगळवारी अंकिता मॅडम घरी आल्या. नवी पेठेमागच्या बोळात ईश्वरप्पांचं घर. मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात, मूळच्या नातेपुत्याच्या, वय असेल पस्तिशीचं. जुन्या सोलापुरातल्या जागा लोकांना हिंडवून दाखवणारी त्यांची एक मंडळी आहे. त्या मंडळींनी आणि रुद्रभूमीच्या पंचांनी मिळून समाधीजवळ एक पाटी लावायचं ठरवलं होतं. मजकूर तयार होता. घरच्यांना एकदा वाचून दाखवावा म्हणून त्या आल्या होत्या. चंद्रव्वाचा थोरला लेक श्रीशैल दुकानातून मुद्दाम घरी आला होता. फोनवर त्यानं होकार देऊनच टाकला होता. हे नुसतं वाचून दाखवणं.

चंद्रव्वा खाली बसून चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं पाखडत होती. मॅडमनी वाचलं, "'ईश्वरप्पांचे आपल्या पत्नीवर अलोट प्रेम होते. गंगम्मा यांच्या अकाली निधनानंतर त्यांनी हे अनोखे स्मारक घडवून घेतले आणि उर्वरित आयुष्य त्यांच्या आठवणीत व्यतीत केले.'"

सूप थांबलं.

"उर्वरित म्हंजे उरलेलं की?"

"हो, आज्जी."

"किती वर्सं भरली ती?"

मॅडमनी मनाशी हिशेब केला. "चौसष्ट साली गंगम्मा गेल्या. ईश्वरप्पा दोन हजार सोळाला. बावन्न वर्षं."

"त्यातली पन्नास माझ्यासंगं गेली," चंद्रव्वा म्हणाली. "चार लेकरं झाली. ती बी आठवणीतच झाली का?"

स्वयंपाकघरात धनलक्ष्मीला, म्हणजे सुनेला, हसू आवरेना. तिनं नळ सोडला. श्रीशैल म्हणाला, "अव्वा, असं कुणी म्हणतंय का. पाटीवर थोडक्यात लिहावं लागतं."

"थोडक्यात लिवताना मीच बरी गळाले."

मॅडम भल्या होत्या, त्या खऱ्याच ओशाळल्या. "चुकलंच आमचं. आपण एक ओळ घालू. 'पुढे द्वितीय पत्नी चंद्रव्वा यांनी त्यांना मोलाची साथ दिली.' चालेल?"

"साथ द्यायला मी काय भजनातली पेटीवाली हाय?" चंद्रव्वानं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून भिंतीला पाठ लावली. "आनि मॅडम, तो दगड मालकांनी घडवलेला न्हाय. मी घडवला."

श्रीशैलनं मॅडमकडे बघून हळूच मान हलवली, सत्त्याहत्तर वय आहे, सांभाळून घ्या, अशी. चंद्रव्वानं ती बघितली.

"डोकं जागेवर हाय माझं. उद्या रिक्षा आणा. तितं जाऊन सांगते, दगडासमोर. मग काय लिवायचं ते लिवा."

*

वळसंगहून सहासष्ट साली ती या घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. बाप शेतकरी, चार मुली, म्हणून बिजवराला दिलेली. बिजवर म्हणजे तरी कोण, सव्वीस वर्षांचा, नवी पेठेत खणांचं दुकान, अंगानं उंच, बोलायला मऊ. चंद्रव्वाला तो बघताक्षणी आवडला होता, हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, पोरीनं नशीब म्हणून मुकाट्यानं मान खाली घातली.

अक्षता पडल्यावर सासूनं तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. सोन्याच्या पातळ पत्र्यावर उठवलेली बोटभर बाई. दुसरेपणाच्या बायकोनं तो गळ्यात घालायचाच असतो. रीत अशी की नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड केलं की आधी तिच्या नावानं घास काढायचा. पहिलीचं पहिलीला दिल्याशिवाय दुसरीनं काही घ्यायचं नाही. चंद्रव्वा रीत पाळायची. पण नवं लुगडं टाकाला लावताना ती ते असं लावायची की पदर नाही, आतला साधा काठ लागेल.

टाकाचं एवढं नव्हतं. मधल्या खोलीत खिडकीशी एक पायाचं मशीन होतं, पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं. त्याला घरात कुणी हात लावत नव्हतं. केर काढतानासुद्धा सासू त्याच्या कडेकडेनं झाडू फिरवायची.

गंगम्माची गोष्ट तिला शेजारच्या केराबाईनं सांगितली. गंगम्मा चोळ्या शिवायची. दुकानात खण घेतला की बाई सरळ घरी यायची, गंगम्माला माप द्यायला. गड्ड्याची जत्रा तोंडावर होती आणि एका लग्नाच्या चोळ्या द्यायच्या होत्या. शिवताना सुई बोटातून आरपार गेली आणि टोक आतच मोडलं. तिनं ते दातानं ओढून काढलं. सासूनं चुलीपुढची राख दाबली, वर चिंधी बांधली. संध्याकाळी ईश्वरप्पा म्हणाले, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, चार चोळ्या राहिल्यात, झाल्या की जाऊ. त्यांनी ऐकलं. चोळ्या झाल्या. आठव्या दिवशी तिची दातखीळ बसली. पाणी पाजायला चमचा आत जाईना. दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, कारण उजेड आला तरी अंगाला झटका यायचा. तिसऱ्या दिवशी गेली.

"आनि पुढचं तर सांगू नये," केराबाई म्हणाली, आणि सांगितलं. लिंगायताला मातीत बसवून पुरतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. गंगम्माचं अंग धनुष्यासारखं मागं वळून ताठलेलं. काही केल्या बसवता येईना. शेवटी अय्यांनी, म्हणजे जंगमस्वामींनी, मंत्र म्हटले आणि म्हणाले, आहे तशी ठेवा. ईश्वरप्पा खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्या दिवसापासून ते रुद्रभूमीकडे फिरकले नव्हते. समाधीही बांधली नव्हती, नुसता मातीचा ढीग.

चंद्रव्वाला वाईट वाटलं. ते आठवडाभर टिकलं, मग परत हेवा वाटायला लागला.

कारण ती स्वतः शिवायची. वळसंगला शाळामास्तरांच्या बायकोकडून तिनं हातशिलाई शिकली होती, मास्तरीणबाईंच्या मशीनवर पायही फिरवला होता. दुकानात खण घेणाऱ्या बायका अजून घरी यायच्या, आणि चंद्रव्वाकडे बघून म्हणायच्या, तुला येतं का गं? गंगम्माच्या हातची चोळी म्हणजे दुसरी कातडीच. एकदा तिनं एकीची जुनी चोळी दुरुस्तीला म्हणून ठेवून घेतली आणि दुपारी दार लावून पूर्ण उसवली. कुठं तरी चूक सापडेल, टाका वाकडा असेल, शिवण ओढलेली असेल. तिनं कापडाचा तुकडा न् तुकडा उजेडाला धरला. चूक सापडली नाही. बगलेतली कळी कशी तिरकी बसवायची, हे मात्र तिला त्या दिवशी कळलं.

मग तिनं नवऱ्याला विचारलं, "मी बसू मशीनवर?"

"त्याला हात लावू नको," ईश्वरप्पा म्हणाले. एवढंच. आवाज चढवला नाही. पण जेवण अर्धं टाकून उठले.

तीन वर्षं ती त्या चादरीकडे बघत राहिली. चादर ईश्वरप्पा स्वतः धुवायचे. आपलं धोतर त्यांनी कधी धुतलं नव्हतं. त्या एका चादरीवरून चंद्रव्वा रात्र रात्र तळमळली आहे. माणूस शेजारी झोपलेला, आणि ती हिशेब करतेय, यानं मला कधी असं हळुवार धरलं का, जसं तो ती ओली चादर दोरीवर टाकताना धरतो.

*

बुधवारी सकाळी रिक्षा आली. रुद्रभूमीत पाऊस होऊन गेल्याची ओल होती, गवत गुडघाभर. फाटकातून आत गेल्याबरोबर डाव्या हाताला ईश्वरप्पांची समाधी, साधी, पिंडीची. शेजारी एक जागा मोकळी सोडलेली. श्रीशैलनं वाकून वडिलांना नमस्कार केला. चंद्रव्वानं पिंडीवरचं वाळकं पान उचलून टाकलं आणि पुढं चालू लागली.

खरं तर ईश्वरप्पांना गंगम्माच्या शेजारी जागा होती. दोन हजार सोळा साली, माणूस घरात बसवून ठेवलेला, बायका रडतायत, तेव्हा श्रीशैलनं येऊन हळूच विचारलं होतं, अव्वा, आप्पांना मशीनपाशी बसवायचं का? चंद्रव्वा डोळे पुसता पुसता म्हणाली होती, तितं लिंबाच्या मुळ्या हायत, खणता यायचं न्हाय. कुणी खणून बघितलं नाही. लिंब तिथून वीस पावलं लांब होता.

दगडाजवळ पोचल्यावर तिला कुणीतरी आणून दिलेल्या खुर्चीवर बसवलं. दगडावर कालचीच झेंडूची माळ होती, आणि एक लाल रीळ.

"आता सांगा आज्जी," मॅडम म्हणाल्या.

"आधी तुमी सांगा. ह्यात चूक काय हाय?"

मॅडम दगडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "चाक. चाक डाव्या बाजूला आहे. मशीनचं चाक उजव्या हाताला असतं. आम्ही लोकांना दाखवतो ते. मृत्यूनंतरचं जग उलटं असतं, म्हणून कारागिरानं मुद्दाम ते आरशातल्यासारखं केलं असावं, असं आमच्यातल्या एकांचं मत आहे."

चंद्रव्वा हसली. खूप दिवसांनी अशी हसली, की श्रीशैलही बघत राहिला.

"बसू पाथरवट," ती म्हणाली. "पाटे-वरवंटे करायचा. त्यानं मशीन जन्मात बघितलं नव्हतं. मी म्हन्लं घरी येऊन बघ. तर माझी सासू त्याला उंबऱ्याच्या आत घेईना. मालक दुकानात. मी चादर काढली, आनि बसू मागच्या बोळातून खिडकीत उभा राहून बघत होता. मशीन खिडकीकडे तोंड करून, उजेडासाठी. शिवणारी खिडकीकडं तोंड करून बसनार. आता तुमीच सांगा, बाहेरून बघनाऱ्याला चाक कुटल्या हाताला दिसंल?"

मॅडमनी हवेत हात धरून बघितले. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग त्या खाली गवतात बसल्या.

"डाव्या," त्या म्हणाल्या.

"लोकांना सांगा आता, मेल्यावर जग उलटं व्हतं म्हनून."

श्रीशैल मात्र हसला नाही. "अव्वा, मग आप्पांना हे माहीत होतं?"

"त्यांच्या होकाराशिवाय कसं व्हईल? होकार मीच काढला."

आणि तिनं सांगितलं. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं, केराबाईलासुद्धा नाही. एकोणसत्तर साली, सोमवारी, ईश्वरप्पा पूजा करून उठले होते. चंद्रव्वा त्यांना म्हणाली, तुमची पयली बायको माझ्या सपनात येती. कपाळाला कुंकू नाही, बसायला जागा नाही, उभीच असती. म्हनती, मला कुनी नीट बसवलं न्हाय.

"आली होती का स्वप्नात?" मॅडमनी विचारलं.

"कुटली येती. मालकांना ते एकच दुःख होतं, बसवता आलं न्हाय ते. मला ठावं होतं. म्हनून मी तितंच बोट घातलं. म्हन्लं, तिचं मशीन तिच्यापुढं ठेवा, मग बसंल ती. खरं मशीन मातीत कसं ठेवनार, गंजून जाईल, दगडाचं करू. पयलीचं पयलीला पोचलं की रीत झाली. मालक रडले. माझ्या मांडीवर डोकं ठिवून रडले. लगीन झाल्यापासून पयल्यांदा. आनि मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत मनात म्हनत होते, आता मशीन माझं."

लांब कुठंतरी फाटकाबाहेर भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली. चंद्रव्वानं पदरानं ओठ टिपले.

"दगडाला माझे माहेरचे चांदीचे वाळे गेले. ज्या दिवशी दगड हितं उभा केला, त्याच दुपारी मी घरात चादर काढली आनि बसले. मालक मशीनचा आवाज ऐकून घराबाहेर निघून गेले ते दिवेलागणीलाच आले. पर काई बोलले न्हाईत. बोलनार काय, रीतीनं घेतलं होतं मी."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी चंद्रव्वाचा हात हातात घेतला. "आज्जी, केवढं मन लागतं याला. स्वतःचे दागिने मोडून सवतीला दगड. हे तर आधीच्या गोष्टीपेक्षाही मोठं आहे. मी लिहिते, 'सवतीवरील निर्व्याज मायेपोटी…'"

चंद्रव्वानं हात सोडवून घेतला.

"मघापासून काय ऐकलं तुमी? माया कुटं आली? मला मशीन पायजे होतं. आनि ती घरातनं जायला पायजे होती. घरातनं काढून हितं आनून बसवली तिला. मन मोठं असतं तर तशीच ऱ्हाऊ दिली असती की चादरीखाली."

"पण असं पाटीवर कसं लिहायचं?"

"का? ते खोटं लिवता येतं, हे का येत न्हाय?"

श्रीशैलला राहवेना. पन्नाशी ओलांडलेला, दुकानाचा मालक, रुद्रभूमीच्या पंचांत ज्याचं नाव आहे असा माणूस. गावभर त्याच्या वडिलांची ओळख ती एकच, आणि आई ती त्याच्यासमोर टराटरा उसवत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तू काहीही सांग अव्वा. दगड तू केला असशील. पण आप्पा दर सोमवारी इथं यायचे. सत्तेचाळीस वर्षं. ते तर तू नाही करायला लावलंस."

चंद्रव्वानं दगडाकडं तोंड वळवलं. कारण ते खरं होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं. दगड उभा राहीपर्यंत ईश्वरप्पा इथं एकदाही आले नव्हते. जायचं कुठं, मातीच्या ढिगाकडं? दगड उभा राहिला आणि पुढच्याच सोमवारी बेलाचं पान घेऊन ते निघाले. मग दर सोमवारी. उन्हाळ्यात, पावसात, गुडघे दुखत असताना. येऊन अर्धा तास बसायचे. तिनं एकदा विचारलं होतं, काय बोलता तिच्याशी? ते म्हणाले, काही नाही, दगड तापतो, त्यावर पाणी घालतो. घरात होती तेव्हा ती नुसती चादर होती. बाहेर घालवली आणि चंद्रव्वानं स्वतःच तिला रूप दिलं, जागा दिली, नवऱ्याला जायला वाट करून दिली.

"माझ्यासाठी काय केलं त्यांनी," ती शेवटी म्हणाली, दगडाकडं बघूनच. "दर साली गड्ड्यावरनं पितळेचं नवं अंगुस्तान आनायचे, सुई टोचू नये म्हनून बोटात घालायला. जुनं चांगलं असलं तरी. मला घालून शिवता येत न्हाय, बोट आखडतं. पर रोज बघायचे, घातलं का न्हाय. आनि गड्डा संपला की दवाखान्यात न्यायचे धरून. धनुर्वाताचं इंजेक्शन. डागदर म्हनायचा, अहो दर साली लागत न्हाय. तर ह्येंचं आपलं, द्या. द्या म्हन्लं की द्या. म्हातारी झाले तरी. माझ्या दंडात टोचलेली सुई बी तिच्याच आठवणीची."

मॅडमनी श्रीशैलकडं बघितलं. श्रीशैलनं मान दुसरीकडं वळवली.

"आज्जी," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "ते तुमच्यासाठी…"

"कागद आना," चंद्रव्वा म्हणाली. "मी सांगते ते लिवा. शुद्ध-बिद्ध तुमी करा. पर माझ्या शब्दाबाहेर जाऊ नका."

मॅडमनी मजकुराचा कागद उलटा केला आणि पेन काढलं.

"गंगम्मा. वय बावीस. चोळ्या शिवताना मशीनची सुई बोटात मोडली, धनुर्वातानं गेली." ती थांबली. "चोळी चांगली शिवायची. ते लिवा. ते खरं हाय."

मॅडम लिहीत होत्या.

"हा दगड बसू पाथरवटानं घडवला. घडवून घेतला तिची सवत चंद्रव्वा हिनं."

"आज्जी, 'द्वितीय पत्नी' लिहू का? सवत जरा…"

"सवतच. पाटी वाचनाऱ्याला कळू दे, कुनी ठिवला आनि का ठिवला ते. बाया असतील वाचनाऱ्या, त्यांना फोड करून सांगायला लागत न्हाय."

मॅडमनी लिहिलं, परत वाचून दाखवलं. चंद्रव्वा मान हलवत ऐकत होती. वाचून झाल्यावर श्रीशैल म्हणाला, "आणि आप्पा?"

"आप्पांचं काय?"

"आप्पांचं नावच नाही यात कुठं. ती त्यांची बायको होती. लोक विचारतील, कुणाची बायको, कुणाची सवत."

"बरोबर आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "नुसतं 'ईश्वरप्पा यांच्या पत्नी' एवढं तरी." आणि गंगम्माच्या नावापुढं मोकळ्या जागेत त्यांनी ते लिहिलंही.

चंद्रव्वा खुर्चीच्या दांड्याला धरून उठली. श्रीशैल पुढं झाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. तिच्या तोंडावर उन्हाचा एक पट्टा आला होता, त्यात तिचे डोळे बारीक झाले होते.

"खोडा ते."

"अव्वा, आता तरी…" श्रीशैल म्हणाला.

"मी दगड ठिवला तवा मालक हितं यायला लागले. तवा कळलं न्हाय मला, काय करून बसले ते. एकदा केली चूक. आता तिच्याशेजारी त्यांचं नाव लिवून परत करू व्हय? ते तिकडं फाटकापाशी बसल्यात, माझ्या जागेशेजारी. त्यांना तिकडंच ऱ्हाऊ दे."

मॅडमनी गंगम्माच्या नावापुढच्या तीन शब्दांवर एक रेघ मारली आणि कागद तिच्यापुढं धरला.

चंद्रव्वानं चष्मा सारखा केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्या रेघेवरून बोट फिरवून बघितलं.

"अजून वाचता येतंय," ती म्हणाली.